एकाच संगणकावर कृतिदेवचे ठराव आणि युनिकोडच्या याद्या: प्रत्येक फायलीला तिची सेटिंग कशी द्यावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवणाऱ्या गृहस्थांकडे एकच संगणक आहे आणि त्यावर ते व त्यांचे सहकारी आळीपाळीने काम करतात. ग्रामपंचायतींचे जुने ठराव कृतिदेव फॉन्टमध्ये टंकलेल्या साध्या मजकूर-फायलींत पडून आहेत. शेतकऱ्यांच्या कापूस, तूर आणि सोयाबीनच्या याद्या मात्र नव्या, युनिकोड मराठीतील सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या) फायलींत आहेत. ठराव वाचण्यासाठी एडिटरचा फॉन्ट कृतिदेव केला, की यादीतील प्रत्येक स्वल्पविरामाच्या जागी ‘ए’ दिसू लागतो. ठरावांसाठी वर्ड रॅप (लांब ओळ पडद्यात मावेल अशी मोडून दाखवण्याची सोय) सुरू केला, की याद्यांच्या लांब ओळीही मोडून दिसतात आणि रकाने लागत नाहीत. सहकाऱ्यांनी अक्षर मोठे केले, की दुसऱ्या पाळीला ते पुन्हा लहान करावे लागते. प्रत्येक खिडकीला किंवा प्रत्येक फायलीला वेगळी सेटिंग देता येईल का, आणि ती टिकेल का, असे त्यांनी विचारले आहे. त्यांच्याकडे विंडोज असून व्हीएस कोड आणि नोटपॅड++ हे दोन्ही एडिटर बसवलेले आहेत.

देता येते आणि टिकतेही. मात्र सगळ्या सेटिंग्ज एकाच ठिकाणी ठेवून हे साधत नाही, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे. या लेखात मेनू, आज्ञा आणि सेटिंग यांची नावे मी देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन लिपीतच टंकावीत.

आधी कोणती सेटिंग कोणाची, हे ठरवले पाहिजे. फायलीचे एन्कोडिंग (अक्षरे बाइटच्या रूपात साठवण्याची पद्धत), ओळीच्या शेवटी येणारे चिन्ह आणि टॅब की स्पेस या गोष्टी फायलीच्या आत, डिस्कवर उतरतात. त्या चुकल्या तर मजकूरच बदलतो आणि ती फाइल पुढे ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे ही चूकही जाते. वर्ड रॅप, ओळींचे क्रमांक आणि झूम यांचा फायलीतील मजकुराशी काही संबंध नसतो. त्या केवळ त्या वेळेच्या दर्शनाच्या सेटिंग्ज आहेत आणि त्या खिडकीपुरत्याच राहाव्यात. रंगसंगती, शॉर्टकट आणि अक्षराचा आवडता आकार या गोष्टी वापरणाऱ्या माणसाच्या आहेत. जिनिंगमधील गाठीवरचा क्रमांक जसा गाठीसोबतच जातो, तशी पहिल्या प्रकारची सेटिंग फायलीसोबत किंवा निदान तिच्या फोल्डरसोबत गेली पाहिजे. बाकीच्या दोन प्रकारच्या सेटिंग्ज फायलीसोबत पाठवणे म्हणजे दुसऱ्याच्या पडद्यावर आपली सवय लादणे होय. आपल्या केंद्रातील जवळजवळ सगळी कटकट या तिन्ही प्रकारच्या सेटिंग्ज एकाच, सर्वांना लागू होणाऱ्या जागी नोंदवल्यामुळे झालेली आहे.

या वाटणीला कृतिदेव हा मोठा अपवाद आहे आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा उपाय पटणार नाही. एरवी फॉन्ट ही पूर्णपणे माणसाच्या आवडीची गोष्ट असते, म्हणूनच बहुतेक एडिटर फॉन्टची सेटिंग एका फायलीपुरती ठेवण्याची सोपी सोय देत नाहीत. कृतिदेवमध्ये मात्र मजकुराचा अर्थच फॉन्टवर अवलंबून असतो. त्या फायलीत मराठी अक्षरे नसतातच. ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच रोमन अक्षरे साठवलेली असतात आणि कृतिदेव फॉन्ट त्या अक्षरांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवतो. याच रचनेत स्वल्पविरामाच्या कळीवर ‘ए’चा आकार बसवलेला आहे, आणि स्वल्पविरामाचा आकार उजव्या चौकटी कंसाच्या कळीवर गेलेला आहे. आपल्या यादीत ‘ए’ दिसतो तो एवढ्यामुळेच. फाइल बिघडलेली नाही. यादीतील युनिकोड मराठी नावे त्याच वेळी नीट दिसतात, कारण कृतिदेवमध्ये खऱ्या युनिकोड देवनागरीचे आकार नसल्यामुळे विंडोज त्या अक्षरांसाठी गुपचूप दुसरा फॉन्ट वापरते. म्हणजेच आपल्या जुन्या ठरावांच्या बाबतीत फॉन्ट ही फायलीची सेटिंग मानावी लागते आणि तिला फोल्डरशी बांधावे लागते.

फॉन्टपेक्षा गंभीर बाब एन्कोडिंगची आहे. प्रश्नात तिचा उल्लेख नाही, पण नुकसान तिथूनच होते. कृतिदेवला लागणारे सर्वच आकार इंग्रजी कळफलकावरच्या चिन्हांत मावले नाहीत, म्हणून काही जोडाक्षरे विंडोज-१२५२ या जुन्या संचातील वरच्या भागातील चिन्हांवर बसवली गेली. ‘क्र’ हे त्यांपैकीच एक, आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात ‘ठराव क्र.’, ‘अनुक्रमांक’, ‘गट क्र.’ यांच्याशिवाय पान पुढे सरकत नाही. अशी जुनी फाइल व्हीएस कोड आपल्या नेहमीच्या यूटीएफ-८ या युनिकोडच्या पद्धतीने उघडतो, तेव्हा ‘क्र’चा एकटा बाइट त्या पद्धतीत बसत नाही आणि त्याच्या जागी प्रश्नचिन्ह असलेला काळा चौकोन दिसतो. तोवर काही बिघडलेले नसते, कारण डिस्कवरील फाइल तशीच असते. परंतु त्या अवस्थेत एखादे अक्षर बदलून फाइल जतन केली, की मूळ बाइटच्या जागी तो चौकोनच लिहिला जातो, आणि ‘क्र’, ‘डॉक्टर’मधील ‘ॉ’ व अशी बाकीची सर्व अक्षरे एकाच चिन्हात मिसळून जातात. मग कोणते मूळ अक्षर कुठे होते, हे त्या फायलीवरून काढता येत नाही. म्हणून जुन्या ठरावांसाठी फॉन्ट, एन्कोडिंग आणि लिहिण्यास मनाई या तीन सेटिंग्ज एकत्रच लावाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांपैकी एकच लावून थांबू नये.

एडिटर उघडण्यापूर्वी दोन कामे करावीत. जुन्या फायलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी, आणि संगणकावर दोन वेगळे फोल्डर करावेत, समजा ‘जुने-ठराव’ आणि ‘नव्या-याद्या’. दोन्ही प्रकारच्या फायली एकाच फोल्डरात मिसळलेल्या असतील तर पुढील कोणतीही पद्धत नीट चालणार नाही, कारण एडिटरला फायलीचे नाव, तिचा विस्तार आणि तिचा फोल्डर यांवरूनच सेटिंग ठरवता येते. आतला मजकूर कृतिदेवचा आहे की इंग्रजीचा, हे त्याला ओळखता येत नाही. दोन्हीकडे त्याला रोमन अक्षरेच दिसतात.

आता व्हीएस कोड. यात सेटिंग्जचे थर असतात: सर्वांत खाली एडिटरची मूळ मूल्ये, त्यावर यूजर म्हणजे वापरणाऱ्याच्या सेटिंग्ज, त्यावर वर्कस्पेसच्या (म्हणजे एकत्र उघडलेल्या फोल्डरांच्या मांडणीच्या) आणि सर्वांत वर प्रत्येक फोल्डरच्या. वरचा थर खालच्या थराला झाकतो. आपण आजवर जे बदल करत होता ते यूजरच्या थरात होत होते, म्हणून ते प्रत्येक खिडकीत पोहोचत होते. नवी खिडकी उघडल्याने यूजरच्या सेटिंग्ज वेगळ्या होत नाहीत. त्याऐवजी फाइल मेनूतील ‘ॲड फोल्डर टू वर्कस्पेस’ या पर्यायाने दोन्ही फोल्डर एकाच खिडकीत घ्यावेत आणि ‘सेव्ह वर्कस्पेस ॲज’ने ही मांडणी एका नावाने जतन करावी. मग सेटिंग्जच्या पानावर यूजर, वर्कस्पेस आणि फोल्डर असे तीन कप्पे दिसतील. फोल्डरच्या कप्प्यात ‘जुने-ठराव’ निवडून तेथे केलेला बदल त्याच फोल्डरमधील ‘डॉट व्हीएसकोड’ या उपफोल्डरातील सेटिंग्ज-फायलीत लिहिला जातो आणि शेजारच्या ‘नव्या-याद्या’ला शिवत नाही. फॉन्ट आणि एन्कोडिंग या दोन्ही सेटिंग्ज अशा फोल्डरनिहाय देता येतात, म्हणून एकाच खिडकीत डाव्या बाजूला कृतिदेवमधील ठराव आणि उजव्या बाजूला युनिकोडमधील यादी, दोन्ही वाचता येतील अशी ठेवता येतात. खिडकीच्या रचनेशी संबंधित सेटिंग्ज, जसे पट्ट्यांचे रंग, फोल्डरच्या थरात चालत नाहीत. त्या वर्कस्पेसच्या थरात द्याव्या लागतात.

‘जुने-ठराव’च्या सेटिंग्ज-फायलीत ‘फाइल्स.एन्कोडिंग’चे मूल्य ‘विंडोज१२५२’ असे द्यावे. फॉन्टसाठी मात्र थेट ‘एडिटर.फॉन्टफॅमिली’ लिहू नये. चौकटी कंसातील ‘प्लेनटेक्स्ट’ या भाषेच्या गटात ती सेटिंग ठेवून तेथे ‘कृतिदेव ०१०’ हे नाव, आपल्या संगणकावरील फॉन्टच्या यादीत जसे दिसते तसेच, द्यावे. असे न करता संपूर्ण फोल्डरला फॉन्ट दिला तर सेटिंग्जची फाइल उघडताच तीही कृतिदेवमध्ये दिसते आणि तिच्यातील कंस व स्वल्पविराम ओळखणे अशक्य होऊन बसते. वर्कस्पेसच्या किंवा यूजरच्या थरात दिला तर गंमत आणखी वाढते: आज्ञा टंकण्यासाठी असलेल्या खालच्या टर्मिनलला स्वतंत्र फॉन्ट दिलेला नसेल तर तो एडिटरचाच फॉन्ट उचलतो आणि सगळ्या आज्ञा देवनागरी दिसणाऱ्या निरर्थक अक्षरांत येऊ लागतात.

भाषेच्या गटाबद्दल एक नियम लक्षात ठेवावा लागेल, कारण तो थरांच्या वरील क्रमाला छेद देतो. भाषेपुरती दिलेली सेटिंग ही सर्वसाधारण सेटिंगपेक्षा नेहमीच वरचढ ठरते, मग ती सर्वसाधारण सेटिंग कितीही वरच्या थरात असो. समजा आपल्या सहकाऱ्यांनी यूजरच्या थरात ‘प्लेनटेक्स्ट’साठी एखादा फॉन्ट ठरवून ठेवला आहे, आणि आपण फोल्डरच्या थरात भाषेचा उल्लेख न करता कृतिदेव दिला, तर ठरावांच्या फायलींना सहकाऱ्यांचाच फॉन्ट लागेल. ‘फोल्डरची सेटिंग लागूच होत नाही’ अशा ज्या तक्रारी मी वर्धा-यवतमाळ भागातील कार्यालयांत पाहिल्या, त्यांतील बऱ्याच तक्रारींचे मूळ या नियमात सापडले. दोन्हीकडे भाषेचा गट वापरला की पुन्हा थरांचा नेहमीचा क्रम चालतो आणि फोल्डरची सेटिंग जिंकते.

लिहिण्याच्या मनाईसाठी ‘फाइल्स.रीडओन्लीइन्क्लूड’ ही सेटिंग आहे. तिच्यात ‘टीएक्सटी’ विस्ताराच्या सर्व फायलींचा नमुना देऊन मूल्य ‘ट्रू’ करावे. मग ठराव वाचता येतील, त्यांतून मजकूर उचलता येईल, पण चुकून एखादी कळ दाबली गेली तरी फाइल बदलणार नाही. ही सोय २०२३ मधील १.७९ या आवृत्तीत आली. आपला संगणक अजून विंडोज ७ वर असेल तर तेथे व्हीएस कोडची १.७० ही मालिका शेवटची आहे, त्यामुळे ही सेटिंग तेथे मिळणार नाही. अशा वेळी फाइल एक्सप्लोररमध्ये त्या फायली निवडून प्रॉपर्टीजमधील रीड-ओन्ली या खुणेवर टिक करावी, म्हणजे निदान नकळत जतन होणे टळेल. याच कारणासाठी एन्कोडिंगचा आपोआप अंदाज घेणारी ‘ऑटोगेसएन्कोडिंग’ ही सेटिंग मूळ स्थितीत, म्हणजे बंदच ठेवावी. तिचा अंदाज मजकुरात कोणते बाइट किती वेळा येतात यावरून बांधला जातो, आणि कृतिदेवचा मजकूर कोणत्याच खऱ्या भाषेसारखा नसल्याने अंदाज चुकण्याचीच शक्यता जास्त असते. भारनियमनाच्या भीतीने आपोआप जतन करण्याची सोय सुरू करण्याचा मोह होतो हे मला ठाऊक आहे. परंतु व्हीएस कोड न जतन केलेले बदल स्वतंत्रपणे राखून ठेवतो आणि पुन्हा सुरू केल्यावर ते परत दाखवतो, त्यामुळे या कामात तरी ती सोय बंद असलेलीच बरी.

आता दर्शनाच्या सेटिंग्ज. वर्ड रॅपसाठी सेटिंग्जच्या पानावर जाण्याची गरज नाही. ऑल्ट आणि झेड या कळा दाबल्या की ज्या फायलीत आपण आहोत तिच्यापुरताच रॅप सुरू किंवा बंद होतो, आणि सेटिंग्ज-फायलीत काही लिहिले जात नाही. हा बदल तात्पुरता असतो. कायमचा हवा असल्यास ‘एडिटर.वर्डरॅप’ ही सेटिंग ‘जुने-ठराव’मध्ये ‘ऑन’ आणि ‘नव्या-याद्या’मध्ये ‘ऑफ’ अशी फोल्डरनिहाय द्यावी, आणि अधूनमधून लागणारा अपवाद ऑल्ट-झेडने करावा. संपूर्ण खिडकी मोठी किंवा लहान करण्याचा झूम २०२४ च्या सुरुवातीच्या १.८६ या आवृत्तीपासून त्या-त्या खिडकीपुरता राहतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत एका खिडकीचा झूम बदलला की सगळ्याच बदलत, आणि आपली तक्रार कदाचित त्याच काळातील असावी.

खालच्या पट्टीवर उजवीकडे एन्कोडिंग, ओळीच्या शेवटाचे चिन्ह, टॅबची रुंदी आणि भाषा लिहिलेली असते. त्या प्रत्येकावर क्लिक करून चालू फायलीपुरता बदल करता येतो. एन्कोडिंगवर क्लिक केल्यावर ‘रीओपन विथ एन्कोडिंग’ आणि ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ असे दोन पर्याय येतात. पहिला पर्याय डिस्कवरील तेच बाइट वेगळ्या पद्धतीने वाचतो आणि निर्धोक आहे. दुसरा पर्याय फाइल नव्या पद्धतीने लिहून टाकतो. काळे चौकोन दिसत असताना दुसऱ्या पर्यायाला हात लावू नये.

‘नव्या-याद्या’ फोल्डरची गोष्ट त्यामानाने सोपी आहे. तेथे एन्कोडिंग यूटीएफ-८ राहू द्यावे. परंतु याद्या पुढे एक्सेलमध्ये थेट दुहेरी क्लिकने उघडल्या जाणार असतील आणि तेथे मराठी नावांऐवजी भलतीच चिन्हे येत असतील, तर त्या फोल्डरसाठी ‘यूटीएफ८बीओएम’ हे मूल्य द्यावे. त्यामुळे नव्या फायलीच्या आरंभी ओळखीचे तीन बाइट लिहिले जातात आणि एक्सेलला एन्कोडिंग कळते. आधीपासून असलेल्या फायलीला हे बाइट आपोआप जोडले जातील असे गृहीत धरू नये. तिच्यासाठी वरील ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ हाच मार्ग आहे, आणि येथे तो सुरक्षित आहे, कारण मजकूर आधीच नीट दिसत असतो. व्हीएस कोडला सीएसव्ही ही भाषा मुळात माहीत नाही, ती फाइलही त्याच्या लेखी ‘प्लेनटेक्स्ट’च असते, एखादे एक्स्टेन्शन बसवले तरच ‘सीएसव्ही’ नावाचा वेगळा गट वापरता येतो. याच कारणाने मी वर दोन फोल्डर वेगळे करण्याचा आग्रह धरला. केवळ भाषेवरून वेगळेपणा साधायचा म्हटले असते तर ठराव आणि याद्या एकाच गटात सापडल्या असत्या.

टॅब आणि स्पेस यांविषयी एवढेच सांगतो, की व्हीएस कोड फाइल उघडताना तिच्यातील रचना पाहून टॅबची रुंदी स्वतःच ठरवतो आणि आपण दिलेली संख्या बाजूला ठेवतो. आपण ४ दिलेले असताना पडद्यावर २ दिसले, तर ‘एडिटर.डिटेक्टइंडेंटेशन’ ही सेटिंग त्या फोल्डरसाठी बंद करावी. टॅबने रकाने वेगळे केलेल्या यादीत टॅबच्या जागी स्पेस घालण्याची सोय मुळीच सुरू ठेवू नये, अन्यथा नव्याने भरलेल्या ओळींचे रकाने इतर कार्यक्रमांना कळणार नाहीत.

दोन खिडक्या वेगळ्या उघडायच्या असतील, तर कोणती खिडकी जुन्या कागदांची आहे हे नजरेला लगेच कळले पाहिजे. त्या वर्कस्पेसच्या थरात ‘वर्कबेंच.कलरकस्टमायझेशन्स’ या सेटिंगमध्ये खालच्या पट्टीचा रंग लाल करून ठेवावा. हे दिखाऊ वाटेल, पण घाईच्या वेळी, खिडकीसमोर माणसे उभी असताना, ते उपयोगी पडते.

नोटपॅड++ मध्ये रचना निराळी आहे. तेथे वर्ड रॅप फायलीनिहाय ठेवता येत नाही. तो सर्व टॅबना एकदमच लागतो. झूम मात्र पडदा दोन भागांत विभागल्यास प्रत्येक भागाचा वेगळा राहतो. फॉन्ट आणि शैली भाषेनिहाय ठरतात, त्यामुळे स्वतःची एखादी भाषा तयार करून, तिला ठरावांसाठी राखलेला विस्तार देऊन, तिच्या मूळ शैलीत कृतिदेव ठेवण्याची युक्ती करता येते. ती चालते, पण त्यासाठी जुन्या फायलींचे विस्तार बदलावे लागतात आणि दप्तराच्या मूळ फायलींची नावे बदलणे मला पसंत नाही. त्यापेक्षा डेस्कटॉपवर नोटपॅड++ चा दुसरा शॉर्टकट करावा आणि त्याच्या टार्गेटमध्ये ‘मल्टीइन्स्ट’, ‘नोसेशन’, ‘आरओ’ आणि ‘सेटिंग्जडिर’ हे पर्याय, प्रत्येकाच्या आधी आडवी रेघ देऊन, लिहावेत. पहिल्याने स्वतंत्र खिडकी उघडते, दुसऱ्याने आदल्या दिवशीच्या फायली मध्ये येत नाहीत, तिसऱ्याने या शॉर्टकटवर ओढून सोडलेल्या फायली केवळ वाचण्यासाठी उघडतात, आणि चौथ्याने या शॉर्टकटच्या सर्व सेटिंग्ज आपण सांगितलेल्या वेगळ्या फोल्डरात राहतात. मग त्या खिडकीत ‘स्टाइल कॉन्फिगरेटर’मधून मूळ शैलीचा फॉन्ट कृतिदेव करावा, रॅप सुरू करावा आणि एन्कोडिंगचा आपोआप शोध घेण्याची खूण काढून टाकावी, नेहमीच्या नोटपॅड++ ला यांपैकी काहीही कळणार नाही. केंद्रात प्रोग्रामिंगचे काम नसेल आणि ठराव केवळ वाचून दाखवायचे असतील, तर व्हीएस कोडच्या थरांपेक्षा हा मार्ग मी आधी सुचवीन.

नोटपॅड++ च्या एन्कोडिंग मेनूतही वरीलप्रमाणेच दोन जाती आहेत: नुसते नाव असलेले पर्याय फाइल वेगळ्या पद्धतीने वाचतात आणि ‘कन्व्हर्ट’ने सुरू होणारे पर्याय मजकूर बदलतात. तेथील ‘एएनएसआय’ म्हणजे विंडोजचा त्या संगणकावरील ठरलेला जुना संच. आपल्याकडे तो सहसा १२५२ असतो, परंतु विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये जगभरासाठी यूटीएफ-८ वापरण्याची चाचणी-खूण कोणी केली असेल तर ‘एएनएसआय’चा अर्थही बदलतो. म्हणून कॅरॅक्टर सेट्स या उपमेनूतील वेस्टर्न युरोपियन गटातून विंडोज-१२५२ हे नाव स्पष्टपणे निवडावे.

दोन माणसांच्या सवयींचा प्रश्न फोल्डरच्या सेटिंगने सोडवू नये. विंडोजवर दोघांची स्वतंत्र खाती काढणे हा सर्वांत सरळ उपाय आहे. ते शक्य नसेल, तर व्हीएस कोडमध्ये २०२३ च्या आरंभापासून सर्वांना मिळालेली प्रोफाइलची सोय वापरावी. एकेका माणसाचे अक्षर, रंग आणि शॉर्टकट एकेका प्रोफाइलमध्ये ठेवता येतात, आणि फोल्डरच्या सेटिंग्ज दोघांनाही सारख्याच लागू राहतात.

याद्या आणि इतर फायली पुढे दुसऱ्या केंद्राला किंवा तालुक्याच्या कार्यालयाला द्यायच्या असतील आणि तेथे कोणता एडिटर आहे याची खात्री नसेल, तर एडिटरकॉन्फिग ही पद्धत योग्य ठरते. फोल्डरात ‘डॉट एडिटरकॉन्फिग’ नावाची एक छोटी मजकूर-फाइल ठेवायची. तिच्यात फायलींच्या नमुन्यानुसार एन्कोडिंग, ओळीचा शेवट, टॅब की स्पेस, ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा काढायच्या की नाही, एवढे लिहायचे. एडिटर चालू फायलीच्या फोल्डरापासून वर-वर जात अशा फायली शोधतो आणि ‘रूट’चे मूल्य ‘ट्रू’ असलेली फाइल सापडली की थांबतो. व्हीएस कोडला आणि नोटपॅड++ ला त्यासाठी जोड बसवावी लागते. जेटब्रेन्सच्या एडिटरांत आणि २०१७ पासूनच्या व्हिज्युअल स्टुडिओत ती सोय आतच आहे. या पद्धतीच्या ठरलेल्या सेटिंग्जमध्ये फॉन्ट नाही आणि झूमही नाही, आणि ते योग्यच आहे. कृतिदेवच्या फोल्डरसाठी ती अपुरी पडते, कारण तिच्या एन्कोडिंगच्या यादीत लॅटिन१ असले तरी विंडोज-१२५२ नाही. ‘ॉ’सारखी काही अक्षरे नेमकी या दोहोंच्या फरकाच्या पट्ट्यात येतात.

लिनक्सवर काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात. विममध्ये प्रत्येक सेटिंग सार्वत्रिक, बफरची (म्हणजे उघडलेल्या फायलीच्या मजकुराची) किंवा खिडकीची, अशी आधीच वर्गवारी केलेली असते. ‘सेट’ ही आज्ञा स्थानिक आणि सार्वत्रिक अशी दोन्ही मूल्ये बदलते, तर ‘सेटलोकल’ केवळ चालू बफर किंवा खिडकीचे. एकच फाइल दोन खिडक्यांत उघडून एकीत रॅप चालू आणि दुसरीत बंद ठेवणे तेथे सहज जमते. परंतु खिडकीवार फॉन्ट देता येत नाही, म्हणून कृतिदेवसाठी विम निरुपयोगी आहे. ईमॅक्समध्ये ‘बफर-फेस-सेट’ने एका बफरला वेगळा फॉन्ट देता येतो आणि फोल्डरसाठी ‘डॉट डिर-लोकल्स’ची फाइल ठेवता येते, आपले काम तेथेही पूर्ण होईल, मात्र शिकायला वेळ लागेल. दोन्ही एडिटर फायलीच्या आतच सेटिंगची ओळ लिहू देतात. विम मूळ स्थितीत पहिल्या आणि शेवटच्या पाच ओळींत ती शोधतो. याच सोयीतून २०१९ मध्ये विममध्ये गंभीर दोष आढळला होता: खास रचलेली फाइल नुसती उघडल्याने तिच्यातील आज्ञा चालू शकत, आणि तो ८.१.१३६५ या दुरुस्तीने काढला गेला. बाहेरून पेन ड्राइव्हवर आलेला फोल्डर उघडताना व्हीएस कोड विश्वासाबद्दल जो प्रश्न विचारतो तोही याच धोक्यासाठी. अशा वेळी विश्वास नाकारावा, फायली वाचता येतातच.

ठरावांचे युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचे काम आपण कधीतरी हाती घ्यालच. रूपांतरित प्रती तिसऱ्या फोल्डरात ठेवाव्यात, त्याला यूटीएफ-८ द्यावे, आणि मूळ फोल्डर डावीकडे, हा उजवीकडे अशा त्याच वर्कस्पेसमध्ये ओळीला ओळ लावून तपासावे. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर, त्यामुळे रूपांतरात चुका प्रामुख्याने तेथेच राहतात. ‘क्र’, ‘त्त’, ‘द्द’ यांच्याकडेही लक्ष द्यावे.

एवढे करूनही एखादी सेटिंग लागली नाही असे वाटले, तर अंदाजाने तीच सेटिंग आणखी एका थरात लिहू नये. व्हीएस कोडच्या सेटिंग्जच्या पानावर त्या सेटिंगच्या नावाशेजारी ती आणखी कोणत्या थरात बदलली आहे हे लिहिलेले असते, आणि त्यावर क्लिक केल्यास तेथे जाता येते. ते पाहून झाल्यावर यूजरच्या सेटिंग्ज-फायलीत ‘प्लेनटेक्स्ट’चा गट कोणी ठेवला आहे का, हे तपासावे, असल्यास त्यातील फॉन्टची आणि रॅपची ओळ काढून टाकावी व खिडकी पुन्हा उघडावी.